याची हमाली कोण देणार?

गेल्या शनिवारी रात्री एकापाठोपाठ एक दोन सिनेमे पाहिले. एक फिलिपिन्सचा, एक आपला मराठी. दोन्ही विनोदी, दोन्ही सिनेमा बनवण्याच्या खटाटोपावर, दोन्ही आपापल्या दिग्दर्शकाचे पहिलेच, आणि गंमत म्हणजे दोन्ही आपापल्या देशातर्फे ऑस्करला गेलेले. (दोघांनाही नामांकन मिळालं नाही. तेही एक साम्यच म्हणा.) रविवारी सकाळी उठून मी हिशोब मांडत बसलो. पण तो सिनेमाचा नव्हता, आमच्या फिक्स्ड डिपॉझिटचा होता. ते का, ते सांगतोच, पण आधी सिनेमे.

फिलिपिन्सच्या सिनेमाचं नाव 'आंग बाबाए सा सेप्टिक टँक', म्हणजे 'सेप्टिक टँकमधली बाई'. साल २०११. दिग्दर्शक मार्लन रिव्हेरा, लेखक ख्रिस मार्टिनेझ. फिल्म स्कूलमधून बाहेर पडलेली तीन पोरं एक सिनेमा काढायला निघालीयेत. विषय काय, तर मनिलाच्या झोपडपट्टीतली एक गरीब आई, पदरी सात मुलं, आणि पोटासाठी ती त्यातलं एक मूल विकते. पोरांच्या डोळ्यासमोर ती आई नाहीच आहे मुळी! डोळ्यासमोर आहेत परदेशातले फिल्म फेस्टिव्हल आणि ऑस्कर. मग दिवसभर गाडीत नि कॉफीच्या दुकानात बसून ते तोच प्रसंग पुन्हा पुन्हा रचतात. एकदा हलत्या कॅमेऱ्याने, अगदी शांत आणि भयाण. एकदा चक्क गाणी घालून. एकदा धो धो रडारड करून. युजीन डोमिंगो ही तिकडची मोठी नटी, ती यात स्वतःचीच भूमिका करते आणि त्यांना अभिनयाचे प्रकार समजावून सांगते. तो सीन तर मी तीनदा रिवाइंड करून पाहिला. मग ही मंडळी खरी झोपडपट्टी बघायला जातात, गरिबी किती छान दिसतेय म्हणून हरखून जातात, आणि इकडे त्यांची गाडी फोडली जाते. शेवटी शूटिंगच्या वेळी ती नटी खरोखरच सेप्टिक टँकमध्ये पडते.

हसून हसून पोट दुखलं. पण हसताना मला मनिला दिसत नव्हतं, मार्केट यार्ड दिसत होतं.

मी लहानाचा मोठा झालो तो मार्केट यार्डाच्या सावलीत. बाबा भुसार विभागातल्या एका गाळ्यावर दिवाणजी, आणि काका त्याच विभागात हमाल. चौतीस वर्षं पोती उचलली त्यांनी. आता पाठीने असहकार पुकारलाय म्हणून कमी केलंय, पण बाजारात रोज एक चक्कर असतेच. तर मार्केट यार्ड हे फोटो काढणाऱ्यांचं आणि शॉर्ट फिल्मवाल्यांचं फार आवडतं ठिकाण आहे. का नसावं? पहाटे चारला जा. गाड्यांच्या हेडलाइटमध्ये धूळ तरंगत असते, फुलबाजारात झेंडूचे ढीग लागलेले असतात, कुठे लिलावाचा आवाज, कुठे हातगाड्यांची टक्कर, आणि या सगळ्यातून डोक्यावर पोतं घेऊन वाकलेला माणूस चाललेला असतो. कॅमेरा कुठेही ठेवा, फ्रेम तयार. कॉलेजची पोरं येतात, गळ्यात महागडा कॅमेरा, पाठीला सॅक. भुसारमध्ये साऊंडवाला पोरगा मिरचीच्या गाळ्याजवळ हमखास शिंकतो, तेव्हा पहिला टेक तिथेच बाद!

दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका टोळीने काकांना पकडलं. "काका, पोतं घेऊन इकडून तिकडे चालत जा ना. कॅमेऱ्याकडे बघू नका." काका गेले. "काका, परत एकदा, जरा हळू." काका परत गेले. "काका, आता थोडे दमल्यासारखे..." काकांनी पोतं थप्पीवर टाकलं, गमछाने तोंड पुसलं आणि विचारलं, "पोरा, तीन डाग झाले. याची हमाली कोण देणार?"

पोरांना वाटलं काका विनोद करतायत. काका विनोद करत नव्हते. हमाली डागावर असते. पोत्यात गहू आहे का गूळ, उचलणारा आनंदात आहे का दुःखात, आणि समोर ट्रक आहे का कॅमेरा, याचा तिथे काही संबंध नसतो. पोतं उचललं, चाललं, ठेवलं, की एक डाग. 'सेप्टिक टँक'ने दीड तासात जे दाखवलं, ते काकांनी एका वाक्यात विचारलं होतं, असं आता म्हणायला हरकत नाही.

दुसरा सिनेमा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशींचा. २०१० च्या जानेवारीत थिएटरला लागला तेव्हा मी सातवीत होतो आणि बाबांबरोबर जाऊन पाहिला होता. तेव्हा लक्षात राहिला तो फक्त नंदू माधव यांचा फाळके: टुणटुण चालणारा, डोळे मोठे करून बघणारा, जादूगारच जणू. (फाळके खरंच जादूचे प्रयोग करायचे. नाव घ्यायचे प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा.) या वेळी बघताना फाळक्यांच्या ऐवजी सारखं दुसरीकडेच लक्ष जात होतं, पण त्यावर नंतर येतो.

गोष्ट आपल्याला माहीत असतेच. १९११ मध्ये मुंबईत दादासाहेब फाळके येशू ख्रिस्तावरचा सिनेमा बघतात आणि झपाटतात. ख्रिस्ताच्या जागी राम-कृष्ण का नको? वय चाळीसच्या पुढे, धंद्यातून बाहेर पडलेले, घरात बायको-मुलं. मग रोज सिनेमा बघणं, यंत्र उघडून बघणं, डोळे जाईपर्यंत बघणं (अक्षरशः, काही काळ दिसेनासं झालं होतं, डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली). विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले. ओळखपाळख शून्य, फक्त त्याच्या अंकाचे वाचक! त्याने आधी परावृत्त केलं, मग सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत पाठवलं. परत येताना विल्यम्सन कॅमेरा, कोऱ्या फिल्मची मागणी आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती आपली आपण पाडायची, तीही अंधारात, हाताने फिरवायच्या यंत्रावर. एक भोक चुकलं की पुढचं सगळं चित्र थरथरणार. म्हणजे आपण कोड लिहिण्याआधी कीबोर्डची बटणं घरी बनवावीत, तसं. मग भांडवल उभं करायला फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचा वेल लावला आणि तो उगवताना थोडं थोडं शूट करत राहिले. महिनाभराची वाढ मिनिटाभरात. 'अंकुराची वाढ'. हा भारतातला पहिला डेमो म्हणायला हवा. क्लायंटला पीपीटी दाखवली नाही, चालतं प्रॉडक्ट दाखवलं! (रोज एकच फ्रेम घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते मात्र गणितात बसत नाही. महिन्याच्या तीस फ्रेम म्हणजे दोन सेकंदसुद्धा धड नाहीत. रोज पुष्कळ फ्रेम घेतल्या असणार.)

पुढचा भाग तर नुसता धमाल. तारामतीसाठी बाई मिळेना. त्या काळी सिनेमात काम म्हणजे काहीतरी भलतंच, त्यामुळे बदनाम वस्तीतल्या बायकाही तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारा अण्णा साळुंके सापडला. पगार दहा रुपये, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. भारतीय सिनेमाची पहिली नायिका पाच रुपयांच्या हाईकवर जॉब स्विच करून आली! बाकीच्या 'बायका' मिशा काढायला तयार नाहीत, कारण वडील जिवंत असताना मिशी कशी काढायची? आणि पोरांनी घरी, शेजारी काय सांगायचं की आम्ही कुठे जातो? तर म्हणायचं, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. फॅक्टरी म्हटलं की चालतं. लग्नाच्या बाजारात आजही चालतं. फक्त आता फॅक्टरीऐवजी हिंजवडी म्हणतात.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे सुरतेला लोक येईनात, कारण तिथे दोन आण्यात सहा सहा तासांची नाटकं बघायची सवय. हा दीड तासाचा कार्यक्रम, त्याला तीन आणे कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती मालाच्या मापावर: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम बसतात. सिनेमा होता साधारण ३७०० फूट. म्हणजे सत्तावन्न हजार फोटो जवळपास बरोबर! पण दोन मैल? ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. बाबांना हे सांगितल्यावर ते चष्मा वर करून म्हणाले, "मालाची नगं खरी सांगायची आणि मापात जरा हात सैल सोडायचा. आपल्याकडं पण असे व्यापारी होऊन गेले."

असो. आता हिशोबाकडे येतो.

माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. लग्नाच्या शूटिंगचा धंदा करतो. ड्रोन, प्री-वेडिंग, अल्बम, सगळं. गेली चार वर्षं त्याच्या डोक्यात एक सिनेमा आहे. शॉर्ट फिल्म नाही, चांगला ऐंशी मिनिटांचा. मार्केट यार्डात घडणारा, एका हमालाचा शेवटचा आठवडा. शेवटचा म्हणजे मरणाचा नव्हे हो, कामाचा. उद्यापासून पोतं उचलायचं नाही अशा माणसाचे सात दिवस. आणि विनोदी! स्क्रिप्ट मी वाचलंय, चांगलं आहे. एकूण खर्च अकरा लाख. काही त्याचे, काही मित्रांचे, काही सोन्यावर काढलेले. कमी पडतायत चार. ते त्याने माझ्याकडे मागितलेत.

आमच्याकडे चार लाख आहेत. नेमके तेवढेच आहेत आणि ते फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे आहेत. माझे आणि बायकोचे, दोघांचे, पगारातून बाजूला काढलेले. म्हणून शनिवारी आम्ही दोघं ते सिनेमे बघत बसलो होतो. पहिला सिनेमा दादानेच पाठवला होता, "माझा असा झाला तर मला जोड्याने मार" अशा मेसेजसकट. दुसरा मी काढला.

'फॅक्टरी' बघताना मी हसत होतो. बायको पण हसत होती. मध्येच ती म्हणाली, "थांबव जरा." थांबवलं. पडद्यावर विभावरी देशपांडे, म्हणजे सरस्वतीबाई फाळके. घरातलं एकेक सामान चाललंय आणि ही बाई मजेत आहे. बायको म्हणाली, "ती हसतेय म्हणून आपण हसतोय. ती एकदा जरी रडली असती ना, तर हाच सिनेमा नवऱ्याच्या छळाचा झाला असता. सीन तेच, डायलॉग तेच."

मी म्हटलं, "पण ती खरंच बरोबर होती त्यांच्या." आणि ते खरं आहे. त्या अंधारातल्या भोकांचं काम कोण करत होतं? सरस्वतीबाई. दिवसा सगळ्या युनिटचा स्वयंपाक, रात्री फिल्मला भोकं पाडणं. फिल्म धुणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, म्हणजे आजच्या भाषेत रिफ्लेक्टर. दागिने तर गेलेच होते. भारतातली पहिली फिल्म टेक्निशियन बाई कोण असं कुणी विचारलं तर मी त्यांचं नाव घेईन, आणि वाद घालायलाही तयार आहे.

"बरोबर होती, पटलं," बायको म्हणाली. "मग तुझ्या दादाला विचार, वहिनी भोकं पाडतेय का?"

त्या रात्री आम्ही सिनेमा संपवला खरा, पण मला तो जिथे संपतो तिथे पहिल्यांदाच अडखळल्यासारखं झालं. मोकाशी यशाच्या जागी थांबतात. पहिला सिनेमा चालला, लंडनमध्ये कौतुक झालं, इथे एक धंदा जन्माला आला. बरोबरच आहे, विनोदी सिनेमा तिथेच थांबायला हवा. पण फाळके तिथे थांबले नाहीत. पुढे १९१७ चा 'लंकादहन' तुफान चालला. साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, मग भागीदारांशी वाजलं, राजीनामा, काशी, परत येणं. मग बोलपट आले आणि गाडी निसटली. १९३७ चा 'गंगावतरण' हा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले तेव्हा जग त्यांना जवळजवळ विसरलं होतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या शूटिंगचा एक किस्सा त्यांच्या चरित्रात येतो, तो मला कधीच हसत वाचता आलेला नाही. रोहिताश्वाचं काम करणारा त्यांचाच मुलगा भालचंद्र, खेळताना दगडावर पडला, डोक्याला लागलं, शुद्ध हरपली. लोक म्हणाले शूटिंग थांबवा. शूट करायचा होता रोहिताश्वाच्या चितेचा प्रसंग. फाळक्यांनी तो तसाच उरकला, बेशुद्ध मुलाला घेऊन. मुलगा बरा झाला. काही लोकांना यात निष्ठा दिसते. मला नाही दिसत. मला यात फिलिपिन्सची ती तीन पोरं दिसतात, सीनसाठी काहीही चालेल म्हणणारी. म्हणजे एकाच माणसात दोन्ही सिनेमे होते असं म्हणायचं.

पण हेही खरं, की मोकाशींनी हे सगळं माहीत असून हसण्याचा रस्ता धरला आणि तो फुकट धरलेला नाही. नाटकवाला माणूस ('मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी' त्यांचंच), पहिलाच सिनेमा, तोही शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतला, पैसे लावायला कोण तयार होणार? स्वतःचं घर गहाण ठेवून केला असं तेव्हा छापून आलं होतं. म्हणजे ज्या माणसाने घरातलं सामान विकून सिनेमा काढला त्याच्यावरचा सिनेमा घर गहाण टाकून काढलेला! पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला पाठवला गेला, मोठ्या कंपनीने वितरणाला घेतला. नाहीतर बँकेची नोटीस ही काही विनोदी चीज नाही. मला वाटतं हप्ते डोक्यावर असताना ज्याला फाळक्यांमध्ये मजा दिसली, त्याला फाळके बऱ्यापैकी कळले होते. फाळक्यांना कष्टाळू-दुःखी महापुरुष करणं सोपं होतं. आपल्याकडे चरित्रपट म्हटलं की तेच होतं. इथे माणूस प्रत्येक अडचणीला नवीन खेळण्यासारखा भिडतो. प्रोग्रॅम रात्री तीनला अडकतो आणि आपण चिडायच्या ऐवजी खुर्ची पुढे ओढतो, तो क्षण ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं काकांकडे गेलो. दादा कुठल्यातरी साखरपुड्याच्या शूटिंगला गेलेला. बरंच झालं. वहिनी घरी होती. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सकाळी सहाला घराबाहेर पडते. चहा झाला. आता विचारायचं कसं? मी आपला पावसावर बोलत होतो. बायकोने सरळ विचारलं, "वहिनी, हे सिनेमाचं तुम्हाला काय वाटतं हो?"

वहिनी उठली आणि आतून एक वही घेऊन आली. लाल कापडाच्या बांधणीची, उभी, गाळ्यावर असते तशी. (बाबांनी दिलेली. बाबांना सगळं माहीत होतं आणि घरी आम्हाला एका शब्दाने बोलले नव्हते!) वही उघडली. वहिनीचं अक्षर, लॅबच्या रिपोर्टसारखं स्वच्छ. कॅमेऱ्याचं भाडं नाही, कारण कॅमेरा घरचा. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा कॅमेरे आणि पोरं दोन्ही रिकामी, म्हणून शूटिंग त्याच दिवसांत. बाजार समितीची परवानगी. लेन्स. चहा-नाश्ता, माणशी. टेम्पो. आणि खाली एका ओळीत: 'रीटेकची हमाली, ४०० डाग'.

मी बोट ठेवलं. "हे काय?"

कोपऱ्यात बसलेले काका म्हणाले, "मी सांगितलं. जितके टेक तितके डाग. पहिलं तेच लिहायला लावलं."

"काका, पण भुश्शाचं पोतं वापरलं तर? हलकं, कितीही वेळा उचला."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आमचा आर्किटेक्ट फ्रेशरकडे बघतो. "पन्नास किलो डोक्यावर असलं की माणूस गुडघ्यातनं चालतो. भुसा असला की खांद्यातनं चालतो. बाजारातला पोरगा पण ओळखंल. खोटं पोतं घेतलं तर मी नाही येणार बघायला." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एका माणसाकडनं दिवसाला वीसच्या वर टेक नाही. ते पण लिहिलंय."

लिहिलं होतं.

बायकोने वही आपल्याकडे ओढून घेतली आणि पानं उलटायला लागली. सोन्याच्या पानावर थांबली. वहिनी म्हणाली, "दोन पाटल्या. मी स्वतः जाऊन ठेवल्या, ह्यांना घेऊन नाही गेले. ह्यांच्या तोंडाकडं बघून तो बँकेतला माणूस हप्ता वाढवून सांगेल म्हणून. मंगळसूत्र आणि पोरीच्या बांगड्या ह्यात धरायच्या नाहीत, ते आधीच सांगितलंय." आणि शेवटच्या पानावर वर फक्त एक तारीख, तुळशीच्या लग्नाची. "त्या दिवशी जेवढं झालं असेल तेवढा सिनेमा. उरलेलं पुढच्या चातुर्मासात. सीझन सोडायचा नाही. ह्यांनी सही केलीय खाली, बघा." दादाची सही खरंच होती. सासऱ्यांची साक्षीदार म्हणून होती!

"आणि हसायला येतं का तुम्हाला, वहिनी?" बायकोने विचारलं. मला कळलं ती काय विचारतेय, वहिनीला कळलं नसावं.

वहिनी म्हणाली, "स्क्रिप्ट वाचून ना? पहिला अर्धा भाग भारी आहे. दुसऱ्यात हमालाच्या बायकोला नुसतंच चहा करायला लावलंय. मी सांगितलं, चहा तो करेल, ती हिशोब करेल. आता बदललाय." आणि मग हसायला लागली.

घरी येताना गंगाधाम चौकातल्या सिग्नलपर्यंत आम्ही दोघं काहीच बोललो नाही. मग बायको म्हणाली, "चार नाही. अडीच. आणि बिनव्याजी असलं तरी वहीत नोंद हवी." मी मनात तीन धरून चाललो होतो, पण ते बोललो नाही. राहिलेल्या दीड लाखासाठी वहिनीने लगेच लेन्सचं भाडं कापलं आणि शूटिंगचे दिवस अठरावरून चौदावर आणले. दादा दोन दिवस फुगून बसला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चौदा दिवसांत जास्त चांगला होईल.

शूटिंगला मलाही काम दिलंय. थर्माकोलची शीट धरून, उजेड हमालाच्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं, रविवारी पहाटे साडेचारपासून. मी विचारलं याचं काही मिळणार का? वहिनीने वही उघडून दाखवली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'शीट, वजन नाही, अर्धा डाग'.